चौदाव्यापासून सुरुवात

चर्चमध्ये शिरताना बूट काढून ठेवणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. डिसेंबर असो, फरशीतून गारठा थेट गुडघ्यापर्यंत चढत असो, हा माणूस दारापाशी वाकणार, नाड्या सोडणार, बूट भिंतीला जोडीनं लावून ठेवणार आणि मोज्यांवर आत जाणार. त्यासाठी ऑफिसच्या बॅगेत लोकरी मोज्यांचा एक जास्तीचा जोड कायम असे. लॅपटॉपचा चार्जर ते कधीमधी विसरत, मोजे कधीच नाही. मी एकदा म्हटलं, "काका, इथे कुणीच काढत नाही हो. तो पाद्री स्वतः बूट घालून फिरतो."

"त्याचं घर आहे ते, त्याला चालतं," काका म्हणाले. "आपण पाहुणे."

नेदरलँड्समधल्या आमच्या टिलबर्गच्या मराठी मंडळात त्यांना पाद्रीकाका म्हणत. आधी पाठीमागे म्हणत, मग तोंडावर म्हणू लागले, आणि काकांना ते इतकं आवडलं की गणपतीच्या वर्गणीला स्वतःच तसं नाव सांगू लागले. माणूस सांगलीचा, अथर्वशीर्ष झोपेतही न चुकता म्हणेल असा. पण दर शनिवारी सकाळी सायकलवर टांग टाकून हे चर्चला निघत, आणि तेही देवाला भेटायला नव्हे, भिंती बघायला. एकोणिसाव्या शतकात फ्रान्समध्ये चर्चसाठी रंगवलेली चित्रं, हे त्यांचं वेड. जगात कुणाला नसेल असं वेड शोधून काढायचं तर माणसानं किती लांब जावं?

मी नवऱ्याच्या व्हिसावर इथे आले. पहिली दोन वर्षं घरात बसून पाऊस बघितला आणि मग काकांच्या हाताखाली सॉफ्टवेअर टेस्टर म्हणून लागले. गोदामांतला माल कुठल्या फळीवर आहे हे सांगणारं आमचं सॉफ्टवेअर. काकांनी मला कामाचं एकच सूत्र शिकवलं: एक्स्पेक्टेड काय, ॲक्च्युअल काय? म्हणजे काय व्हायला हवं होतं आणि प्रत्यक्षात काय झालं. हे सूत्र ते सगळ्यालाच लावत. कॅन्टीनचं सूप, डच उन्हाळा, काकूंचा उपमा. "एक्स्पेक्टेड मऊ, ॲक्च्युअल लगदा," असं ते एकदा घरी बोलून बसले आणि पुढचे काही दिवस डब्यात नुसती ब्रेड घेऊन येत होते.

त्यांची आणखी एक खूण सांगते. आनंद झाला की काका टाचा उचलत. बुटका माणूस, कपाळ मोठं, आणि गोष्ट मनासारखी झाली की चवड्यांवर उभे राहून भिंतीपलीकडे डोकावल्यासारखे वर वर जात. एखादा मोठा बग सापडला की आमच्या मजल्यावर सगळ्यांना पार्टिशनच्या वर त्यांचं कपाळ दिसे.

हे वेड लागलं कसं, ते त्यांनी मला इतक्या वेळा सांगितलंय की मीच तिथे होते असं वाटतं. टिलबर्गमधला त्यांचा पहिला हिवाळा. सायकल पंक्चर झाली, गारांचा मारा सुरू झाला, समोर चर्च. मोठं दार बंद. बाजूनं, वेदीजवळ, एक छोटं दार होतं, ते उघडं होतं, कारण शनिवारी एक म्हाताऱ्या बाई फुलं बदलायला येत. काका आत शिरले, बूट काढले, आणि देवाच्या ठिकाणी आल्यावर आपण जे करतो ते त्यांनी केलं. मधला भाग उजव्या हाताला ठेवून प्रदक्षिणा सुरू केली.

भिंतीवर ओळीनं चित्रं. पहिल्याच चित्रावर रोमन आकड्यात चौदा. पुढच्यावर तेरा. मग बारा. काका जाम खूश. "मला वाटलं, काउंटडाऊन आहे! रिलीजला चौदा दिवस, तेरा दिवस, बारा दिवस!"

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते: ती क्रूसाच्या वाटेची चित्रं होती. येशूला शिक्षा होते तिथपासून त्याला थडग्यात ठेवतात तिथपर्यंत चौदा मुक्काम. प्रत्येक कॅथलिक चर्चमध्ये ती असतात आणि लोक एकपासून चौदापर्यंत प्रार्थना म्हणत चालतात. काकांना क्रूस माहीत होता, नाताळ माहीत होता, यापलीकडे काही नाही. त्यामुळे त्यांनी बघितली ती गोष्ट अशी: एका माणसाला लोक दगडी खोलीतून हळूच बाहेर काढतायत. त्याला उंचावर चढवतायत. तिथे त्याला जाग येते. कुणीतरी हातोडा घेऊन खिळे काढतो. त्याला त्याचे कपडे परत मिळतात. तो जमिनीवरून उठतो. बायका धीर द्यायला येतात. एक बाई तोंड पुसायला फडकं देते, एक शेतकरी लाकडाला खांदा लावतो, वाटेत आई भेटते. शेवटी तो खांद्यावरचं ते ओझं उतरवतो, आणि मोठा साहेब हात धुऊन म्हणतो, जा बाबा घरी, आमची चूक झाली.

"आणि मध्ये तीन वेळा उठतो!" काका सांगताना टाचा उचलत. "तीन वेळा, अगं! लोक म्हणतात पडतो. मी बघितला तेव्हा तो उठत होता."

फुलंवाल्या बाई हातात झाडू घेऊन हे सगळं बघत होत्या. त्यांना आम्ही नंतरही मेव्राउ, म्हणजे डचमध्ये बाईसाहेब, एवढंच म्हणत आलो. उंच, ताठ, पांढऱ्या केसांचा घट्ट अंबाडा. त्या चर्चच्या चौकटी त्यांनी लग्न झाल्यापासून पुसल्या होत्या. त्या काकांपाशी आल्या आणि म्हणाल्या, "तुम्ही उलटे चाललात."

"नाही," काका म्हणाले, "मी सुलटाच चाललो. देव उजव्या हाताला."

मेव्राउंनी त्यांच्या मोज्यांकडे बघितलं आणि त्यांना दंडाला धरून पहिल्या चित्रापाशी नेलं. मग सगळी गोष्ट, तिच्या खऱ्या दिशेनं, शब्द न शब्द सांगितली. काकांचं डच तेव्हा 'धन्यवाद' आणि 'पंक्चर' यांच्या पलीकडे गेलेलं नव्हतं, पण कळलं म्हणतात. चौदाव्यापाशी पोचले तेव्हा रडले म्हणतात. त्यानंतर दर शनिवारी त्यांच्या दोन फेऱ्या ठरल्या. एक मेव्राउंच्या मनासाठी एकपासून चौदा, आणि एक स्वतःची, चौदापासून एक. त्यांची दुसरी फेरी सुरू झाली की मेव्राउ पाठ फिरवून पितळेच्या समया घासायला लागत, आणि जरा जास्तच खणखणाट करीत.

मग काकांनी वाचायला घेतलं. एकदा त्यांनी एखादी गोष्ट हातात घेतली की ती आपल्यालाही सुटत नसे. जेवणाच्या सुट्टीत माझ्या पोळीभाजीसमोर पॅरिसची चर्चं मांडली जात. "राज्यक्रांतीत देवळं लुटली, चित्रं गेली, मूर्ती फुटल्या. मग पुढच्या पिढीत सरकारनंच पुन्हा रंगवून घ्यायला सुरुवात केली! भिंतीच्या भिंती! आणि रंगवणाऱ्यांतले किती तरी स्वतः देव न मानणारे. विचार कर. विश्वास नाही, पण कंत्राट आहे. असा माणूस देवदूत कसा रंगवेल?"

"कसा?"

"फार जपून," काका म्हणाले. "विश्वास असला की माणूस उरकतो."

मंडळाची पॅरिसची सहल निघाली तेव्हा तर कहर झाला. सगळ्यांना टॉवर बघायचा होता. काकांनी आम्हा सात-आठ जणांना 'जवळच एक गंमत आहे' म्हणून फितवलं आणि एका काळ्याकुट्ट चर्चच्या बाजूच्या खोलीत उभं केलं. ओल, मेणबत्त्यांची काजळी, काही म्हणता काही दिसेना. भिंतीवर एक डबी होती. तीत नाणं टाकलं की दिवा लागे आणि बघता बघता विझे. काकांनी खिशातून नाण्यांची पिशवीच काढली. दिवा लागला. आणि भिंतीवरून, पायऱ्या उतरत, हातात दिवे घेतलेल्या बायकांची एक रांग आमच्याकडे यायला लागली. तो निळा रंग मी अजून विसरलेले नाही. "विझला! टाका, टाका!" काका ओरडले. पुन्हा लागला. बायका एक पायरी खाली आल्यासारख्या वाटल्या. आमच्यातल्या एकीला बाथरूमला जायचं होतं, तीसुद्धा हललीच नाही. शेवटी तिथल्या रखवालदारानं आवाज चढवून आम्हाला बाहेर काढलं. टॉवर राहिला तो राहिलाच, आणि काकूंनी परतीच्या बसमध्ये शेजारी बसायचं नाकारलं.

या चित्रांना जाणकार नावं ठेवतात हे काकांना पक्कं ठाऊक होतं. गुलाबी गाल, वर लागलेले डोळे, सगळं कसं साखरेच्या पाकातलं. मीही एकदा म्हटलं की काका, हे आपल्या कॅलेंडरवरच्या देवांसारखं दिसतं. त्यांना राग आला नाही, उलट टाचाच उचलल्या. "बरोबर! आमच्या देव्हाऱ्यामागे छापील लक्ष्मी होती. आईनं तिच्या साडीला जरीच्या टिकल्या चिकटवल्या होत्या. कुठलं म्युझियम घेईल? पण घरात काही झालं, आजारपण म्हण, कुणाचा निकाल म्हण, की आई पहिली तिच्याकडे बघायची. मग मी तिला वाईट चित्र कसं म्हणू?"

अशात बातमी आली की चर्च बंद होणार. माणसं येईनाशी झाली होती, छप्पर गळत होतं, आणि तिथे आता फ्लॅट होणार होते. चित्रांचं काय करायचं हे ठरवायला बिशपच्या कचेरीकडून एक तज्ज्ञ बाई येणार होत्या. काकांना आठवडाभर झोप नव्हती. त्यांचा पक्का समज होता की ही चौदाही चित्रं एकाच थोर हाताची आहेत आणि तो हात या बाई ओळखणार. त्यांनी मला रजा टाकायला लावून बरोबर नेलं.

बाई चांगल्या होत्या, घाईत नव्हत्या. त्यांनी टॉर्च मारून एकेक चित्र बघितलं, मागची पाटी वाचली, आणि म्हणाल्या, "पॅरिसच्या कारखान्यातली आहेत. पाद्री लोक कॅटलॉग बघून मागवायचे. एक जण नुसते चेहरे रंगवायचा, दुसरा कपडे, तिसरा आभाळ. हाच संच शेकडो चर्चमध्ये गेलाय. आमच्याच गोदामात असे दोन पडून आहेत."

मी काकांकडे बघायचं टाळलं. मला वाटलं, संपला माणूस. पण जरा वेळानं शेजारी काहीतरी हललं. काकांच्या टाचा वर येत होत्या.

"म्हणजे हे अजून आहेत?" ते म्हणाले. "सगळीकडे? अगं, फेस टीम, कपड्यांची टीम, आभाळाची टीम! ही तर आपलीच माणसं! आपण कधी कोडवर सही करतो का?"

त्या दिवसापासून काकांचा उत्साह दुप्पट झाला. रविवार आला की ट्रेननं, सायकलनं, आमच्या ब्राबांट प्रांतातल्या कुठल्या कुठल्या खेड्यांत जाऊन ते या चित्रांची भावंडं शोधू लागले. एका गावी खांदा लावणाऱ्या शेतकऱ्याच्या डोक्यावर निळी टोपी सापडली, आमच्याकडे ती तपकिरी. काकांनी मला भर मीटिंगमध्ये फोटो पाठवला. खाली लिहिलं होतं, "व्हर्जन टू!"

पण बाईंच्या बोलण्याचा दुसरा अर्थही होता आणि तो काकांना दोन दिवसांनी मेव्राउंनी सांगितला. चित्रं कारखान्यातली, म्हणजे कुठलंही म्युझियम ती घेणार नाही. तेव्हा पॅरिशनं, म्हणजे त्या चर्चच्या मंडळींनी, ठरवलं की ज्याला या चर्चबद्दल जिव्हाळा आहे त्यानं यावं आणि आठवण म्हणून एक चित्र घेऊन जावं. एका घराला एक. उरतील ती कचऱ्यात.

"चौदा घरांत चौदा?" काका म्हणाले. त्यांचा आवाज मी असा कधी ऐकला नव्हता. "म्हणजे एकाच्या घरी तो पडलेलाच राहणार कायमचा? त्याला उठवायला पुढचं चित्रच नाही?"

चित्रं एकत्र राहायला हवी होती. बस्स, एवढंच. त्यानंतरचे कित्येक महिने काकांना दुसरं काही सुचलं नाही आणि त्यांनी आम्हालाही सुचू दिलं नाही. मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर, दिवाळी फराळाच्या चर्चेत, त्यांचा मेसेज आला: 'शनिवारी सकाळी येशू न्यायला यावे. बाकफीट्स असल्यास आणावी. जुनी चादर आणावी.' बाकफीट्स म्हणजे पुढे लाकडी खोका असलेली सायकल. इथे आम्ही तीतून पोरं आणि किराणा वाहतो. पहिल्यांदा सगळ्यांनी हसणाऱ्या बाहुल्या टाकल्या. मग काकांनी एकेकाला फोन लावले. कुणाची पोरं काकांनी गणितात पास केली होती, कुणाला आल्या आल्या महिनाभर घरी ठेवून घेतलं होतं. त्या माणसाला नाही म्हणायला जीभ वळत नसे.

शनिवारी चर्चच्या दारात रांग लागली. सर्वांत पुढे मेव्राउ, आणि त्यांच्यामागे थंडीत कुडकुडणारी, चादरी घेतलेली आमची मराठी माणसं. पॅरिशचे दोन-तीन म्हातारे होते, ते नुसतेच बघायला आले होते. त्यांच्या घरांत भिंती उरल्या नव्हत्या, मुलांना नको होती. पाद्रीसाहेब गोंधळले. म्हणाले, "पण तुम्ही लोक तर..." मेव्राउंनी त्यांना वाक्य पुरं करू दिलं नाही. "तो इथे दर शनिवारी येतो," काकांकडे बोट दाखवून त्या म्हणाल्या. "मोज्यांवर. तुमच्यातले किती जण येतात?"

पहिला मान त्यांचा. त्या सरळ चौथ्या चित्रापाशी गेल्या. वाटेत आई भेटते ते. मला नीट आठवतं, त्यांनी ते कुणाला उचलू दिलं नाही, स्वतःच हात घातला.

उरलेल्या तेरांवरून आमच्यात जी भांडणं झाली ती मंडळाच्या इतिहासात लिहून ठेवावीत अशी. रुमालवाली बाई सगळ्यांना हवी होती. खिळे कुणालाच नको होते. काकूंनी तर काकांना बजावलं, "घरात प्रेत आणायचं नाही. चौदावं सोडून काहीही." घरचं झालं थोडं, व्याह्यानं धाडलं घोडं, असं त्या तिथेच, पाद्रीसाहेबांसमोर, मोठ्यानं म्हणाल्या.

"अगं, चौदावं म्हणजे सुरुवात आहे!" काका म्हणाले. "तिथूनच तर त्याला बाहेर काढतात!" काकूंनी कपाळाला हात लावला, पण चौदावं त्यांच्याच घरी गेलं.

आणि मग टिलबर्गच्या रस्त्यांवरून, चादरीत गुंडाळलेला येशू, तेरा तुकड्यांत, सायकलींवरून आमच्या घरोघरी निघाला. सिग्नलला एका पोलिसानं माझ्या नवऱ्याला विचारलं की आत काय आहे. नवऱ्यानं चादर बाजूला केली. पोलिसानं बघितलं, टोपी सारखी केली आणि म्हणाला, "नीट जा, बर्फ आहे."

माझ्या वाट्याला नववं आलं होतं, तिसऱ्यांदा पडतो ते. डच घरांचे जिने म्हणजे शिडीच. ते चित्र वर चढेना, म्हणून बैठकीतच सोफ्यामागे टेकवलं. माझ्या सासूबाई पुण्याहून व्हिडिओ कॉलवर म्हणाल्या, "मागे कोण पडलंय गं?" पुढे आमच्या माघी गणपतीची आरासही त्याच्याच शेजारी झाली. माझी लेक, जी आमच्या मराठीला डचमध्येच उत्तर देते, शाळेत निघताना रोज त्याला "दूइ!" म्हणून हात हलवी. घरात कुणी पडलेलं असताना आपण पाय पसरून टीव्ही बघतो याचं मला पहिले काही दिवस अवघड वाटे. मग सवय झाली, आणि मग, खरं सांगते, आधार वाटायला लागला. काका मात्र दर शनिवारी आता तेरा घरी हजेरी लावत. मोज्यांवर. चौदाव्यापासून सुरू करून, चहा सगळीकडे घेत. फक्त चौथ्यापाशी जात नसत. "त्यांनी बोलावलं नाही," म्हणत.

जागा सापडली ती काकूंमुळे, ज्यांनी या सगळ्याला सर्वांत जास्त नावं ठेवली त्यांच्यामुळे. काकू एका वृद्धाश्रमाच्या स्वयंपाकघरात काम करीत. पूर्वीचा ख्रिस्ती जोगिणींचा मठ तो. मध्ये चौकोनी अंगण, अंगणात सफरचंदाचं झाड, आणि भोवती चारी बाजूंनी बंद कॉरिडॉर. ज्यांना आता फारसं आठवत नाही असे म्हातारे-म्हाताऱ्या त्या कॉरिडॉरमध्ये दिवसभर गोल गोल फिरत. काकू एका संध्याकाळी पोळ्या लाटता लाटता म्हणाल्या, "भिंती नुसत्या उघड्या आहेत हो तिथे. फिरून फिरून बिचाऱ्यांना बघायला काही नाही." काका ताटावरून तसेच उठले. हातही न धुता मला फोन लावला, आणि फोनमधून आवाज कमी आणि धापच जास्त ऐकू आली.

आश्रमाच्या बाई लगेच हो म्हणाल्या. वसंतात एका रविवारी आम्ही सगळे हातोडे घेऊन जमलो. काकूंनी सर्वांना साबुदाण्याची खिचडी केली होती, कारण योगायोगानं चतुर्थी होती. चित्रं चर्चमध्ये होती त्याच क्रमानं लागली, मेव्राउंच्या दिशेनं, तिथे काकांनी स्वतःची प्रदक्षिणा मध्ये आणली नाही. तिसऱ्या आणि पाचव्याच्या मध्ये त्यांनी एक खिळा ठोकला आणि तो रिकामा ठेवला.

"काका, मेव्राउंना विचारू या का?" मी म्हटलं. "सगळं एकत्र झालंय म्हटल्यावर त्या देतील."

"नाही," ते म्हणाले. "मागायचं नाही. त्यांनी ते घेतलं तेव्हा त्यांचा चेहरा तू बघितला नाहीस." एवढे महिने ज्याच्यासाठी रान उठवलं तो संच एका चित्रानं अपुरा होता आणि हा माणूस मागायला तयार नव्हता. मी तावातावानं म्हटलं, "मग एवढं सगळं कशासाठी केलं?" त्या दिवशी काकांच्या टाचा जमिनीवरच होत्या.

त्या पावसाळी उन्हाळ्यात मेव्राउ घरातल्या शिडीवजा जिन्यावरून पडल्या. खुबा मोडला. इस्पितळातून घरी जाणं शक्य नव्हतं, आणि जागा मिळाली ती त्याच आश्रमात. येताना त्यांनी एक खुर्ची, एक घड्याळ आणि चौथं चित्र आणलं. ते त्यांच्या खोलीत, पलंगासमोर लागलं. खोलीच्या दाराबाहेर दहा पावलांवर तो रिकामा खिळा होता. आम्हा सगळ्यांना तो दिसत होता आणि त्यांना दिसत नव्हता असं मुळीच नाही.

काका आता शनिवारी तिथे जात. फरशीवर मोजे, अंगण उजव्या हाताला, चौदाव्यापासून सुरुवात. मेव्राउ चाकाच्या खुर्चीत दाराशी बसून बघत. खणखणाट करायला आता समया नव्हत्या. एका शनिवारी मीही बरोबर होते. काका रिकाम्या खिळ्यापाशी आले, तिथे नेहमीसारखे थोडा वेळ थांबले, आणि पुढे निघाले. तेवढ्यात मेव्राउंनी हाक मारली.

"तुझ्या या उलट्या वाटेत," त्या म्हणाल्या, "माझ्या चित्रात काय होतं?"

काकांचं डच तोपर्यंत बरं झालं होतं, तरी त्यांना शब्द सापडायला वेळ लागला. "सगळं होऊन गेलेलं असतं," ते म्हणाले. "खिळे निघालेले असतात. तीनपैकी दोनदा उठून झालेलं असतं. आणि मग त्याला आई भेटते. तो तिच्याकडे परत आलेला असतो."

मग मेव्राउंनी सांगितलं, अगदी साध्या आवाजात, इतक्या वर्षांत आम्हाला ठाऊक नव्हतं ते. त्यांना एक मुलगा होता. एकोणीस वर्षांचा. सकाळी मोपेडवर कामाला निघाला, दारात वळून हात केला, आणि रस्त्यात गेला. "मी ते चित्र तेव्हापासून पुसते," त्या म्हणाल्या. "त्यात तो नेहमी निघालेला असतो. दर वेळी निघतो. मी चाळीस वर्षं त्याला जाताना बघतेय."

मी रडले. काका रडले. मेव्राउ रडल्या नाहीत. त्यांनी खोलीकडे बोट केलं आणि म्हणाल्या, "ते काढ आणि जागेवर लाव. मला तुझ्या बाजूनं बघायचंय."

काकांनी हातोडाबितोडा काही मागितला नाही, खिळा तयारच होता. त्यांनी चित्र उचललं, मी दुसऱ्या बाजूनं धरलं, आणि ते चढलं. मग त्यांनी खुर्ची ढकलत मेव्राउंना पार चौदाव्यापर्यंत नेलं आणि तिथून, झाड उजव्या हाताला ठेवून, त्यांची पहिली फेरी सुरू केली.

काका गेल्या वर्षी निवृत्त होऊन सांगलीला परत गेले. काकूंना कधीचीच घाई होती. निघताना त्यांनी मला लोकरी मोज्यांचा जोड दिला, आणि माझ्या मनात असो नसो, शनिवार माझ्या गळ्यात घातला. आता मी जाते. दारापाशी बूट काढते, मेव्राउंची खुर्ची धरते, आणि आम्ही चौदाव्यापासून निघतो. त्या फार थकल्यात, पण दहावं आलं की सांगतात, "कपडे मिळाले," आणि नवव्यापाशी, म्हणजे माझ्या सोफ्यामागच्यापाशी, मला म्हणतात, "उठला बघ." शनिवारी हमखास काकांचा व्हिडिओ कॉल येतो. पलीकडे सांगलीचं ऊन, काकूंची बडबड, आणि काकांचा एकच प्रश्न, "कुठवर आलात?" आम्ही पाचव्यापाशी असलो की पडद्यावरून त्यांचा चेहरा हळूहळू वर सरकत नाहीसा होतो आणि नुसती हनुवटी उरते. टाचा उचललेल्या असतात, दुसरं काय.

काकांची फेरी एकपर्यंत जाई. मेव्राउंची जात नाही. मी पहिल्या वेळी सवयीनं खुर्ची पुढे ढकलायला लागले, तर त्यांनी चाकावर हात ठेवला. पुढे अजून तीन चित्रं आहेत, मी म्हटलं, ओझं उतरवायचंय, साहेबाला हात धुवायचेत.

"धुवू दे त्याला," मेव्राउ चौथ्याकडे बघत म्हणाल्या. "आपण इथेच थांबू. मुलगा घरी आलाय."